कॅशियरसाहेब स्वतःचा टॅक्स स्वतः भरतात

"यंदा टॅक्सवाल्या काकांना फुटकी कवडी मिळणार नाही!" कॅशियरसाहेबांनी जाहीर केलं आणि टेबलावर अशी थाप मारली की कपातला चहा बशीत उतरला.

समोर वहिनी शिवत बसल्या होत्या. वहिनी म्हणजे साहेबांच्या सौभाग्यवती; सगळी कॉलनी त्यांना वहिनी म्हणते, आपणही तेच म्हणू. त्यांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या, त्यामुळे त्यांना लगेच काही बोलता येईना. ही घोषणा करायला साहेबांनी नेमकी हीच वेळ का निवडली, ते लग्न झालेल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

"अगं, मी बँकेत कॅशियर आहे! दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजतो. आणि स्वतःचं रिटर्न भरायला दुसऱ्याला फी द्यायची? लोक हसतील!"

वहिनींनी एकेक टाचणी काढून उशीत खोचली. "दरवर्षी हसतात का?"

"दरवर्षी त्यांना माहीत नसतं!"

"मग यंदा तरी कशाला सांगताय?"

साहेबांनी बशीतला चहा पिऊन टाकला.

खरं तर या घोषणेची तयारी बरेच दिवस चालली होती. वर्षाच्या सुरुवातीलाच साहेबांनी घरात काटकसरीची मोहीम उघडली होती. पॅसेजमधला दिवा काढला. त्या अंधारात चिमणी, म्हणजे त्यांची कॉलेजातली लेक, दोनदा चपलांच्या कपाटावर आपटली. घरचं इंटरनेट बंद केलं. 'दोन दोन नंबर हवेत कुणाला?' म्हणून जुन्या फोन नंबरचं रिचार्ज थांबवलं. 'दोन दोन खाती हवीत कुणाला?' म्हणून एक बचत खातं बंद केलं, आणि तेही आपल्याच शाखेत, आपल्याच हाताने, अर्जावर आपणच शिक्का मारून. शिक्का मारताना त्यांना इतकं समाधान वाटलं, की त्यांनी तो दोनदा मारला.

"जुना नंबर कुठे कुठे दिलेला होता, ते बघितलंत ना?" वहिनींनी तेव्हा विचारलं होतं.

"सगळीकडे बदललाय! दूधवाला, गॅसवाला, चिमणीचं कॉलेज, तुझ्या माहेरचे झाडून सगळे. कॅशियर माणसाला हे सांगावं लागत नाही!"

वहिनींच्या घरखर्चात मोहीम वगैरे काही नव्हतं. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर बिस्किटांचे रिकामे डबे ओळीने मांडलेले असत. पगार झाला की वहिनी स्टुलावर चढून पैसे डब्याडब्यांत वाटून टाकायच्या. भाडं, वीज, दूध, औषधं, कॉलेज. प्रत्येक डब्यावर कागदाची पट्टी आणि पट्टीवर नाव. ज्या डब्यात पैसे नाहीत तो खर्च नाही, इतकं साधं. मोहिमेच्या तपासणीत साहेबांना या ओळीच्या मागे, भिंतीला टेकून ठेवलेला एक डबा सापडला. त्याची पट्टी भिंतीच्या बाजूला होती.

"हा कसला गं?"

"तो माझा. त्याला हात लावायचा नाही."

"अडीअडचणीचा वाटतं?"

"तसंच समजा," वहिनी म्हणाल्या आणि साहेबांना खाली उतरवून स्टूल घेऊन गेल्या.

आता शिलाई मशीनचं सांगायला हवं, कारण घरातल्या सगळ्यांचा जीव त्यात अडकलेला होता. वहिनी घरी शिवणकाम करायच्या. मशीन त्यांच्या लग्नाआधीचं. मोटर कधीच गेली होती, चाक हाताने फिरवायचं, आणि सुई मधेच रुसून बसायची. अशातच एका मोठ्या रुग्णालयाच्या सगळ्या पडद्यांचं काम वहिनींना मिळालं. इतकं मोठं काम त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं, आणि जुन्या मशीनवर ते होणं शक्य नव्हतं. दुकानदाराने नवं मशीन बाजूला काढून ठेवलं, वहिनींनी थोडे पैसे आगाऊ दिले. उरलेले द्यायचे कशातून? साहेबांना दरवर्षी जो टॅक्सचा रिफंड मिळायचा, त्यातून!

"बाकी कशाचेही प्रयोग करा," वहिनी म्हणाल्या, "या पैशांवर नको. काकांना देऊन टाकू या ना कागद."

"प्रयोग? अगं, उलट काकांची फी वाचेल! मशीनबरोबर नवी कात्रीसुद्धा घे!"

वहिनी दोरा तोडत म्हणाल्या, "बरं."

वहिनींचं 'बरं' फार वाईट असतं. पण साहेब त्या वेळी हवेत होते.

रिटर्नचा फॉर्म भरण्यात साहेब खरोखर हुशार निघाले, हे मान्य केलं पाहिजे. चिमणीचा जुना लॅपटॉप घेतला. त्याची एक खोड होती, झाकण मिटलं की तो तासभर पुन्हा उठायचा नाही. फोनवरून इंटरनेट जोडायचं आणि रोज थोडं थोडं भरायचं, असं करत शेवटचं पान आलं. रिफंडचा आकडा झळकला! साहेबांनी तो आधी चिमणीला दाखवला, मग शेजाऱ्यांना, मग बँकेतल्या सगळ्यांना.

"आता शेवटचं बटण दाबून मोकळे व्हा," वहिनी म्हणाल्या.

"छे! ते शेवटच्या तारखेला."

"का पण?"

"तत्त्व आहे माझं! मुदतीच्या आधी सरकारला काही द्यायचं नाही. आपले पैसे आपल्याकडे जितके दिवस, तितकं व्याज आपलं!"

"अहो, पण आपण देत नाही आहोत. आपल्याला मिळणार आहेत."

साहेब थबकले. ही बाजू त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. पण तत्त्व एकदा मोठ्याने बोलून झालं की माघार घेणं अवघड असतं, त्यातून लेक समोर उभी. "तत्त्व म्हणजे तत्त्व!" ते म्हणाले. पुन्हा तेच 'बरं' ऐकू आलं.

शेवटच्या तारखेला संध्याकाळी सहाला टॅक्सची साइट बंद होणार होती. त्यानंतर येणाऱ्याला दंड, आणि रिफंड थेट पुढच्या वर्षी. दुकानदार काही पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नव्हता. रुग्णालय तर दोन महिनेही नाही.

तो दिवस उजाडला. चारच्या सुमारास बँकेचं दार बंद झालं, रोकड जुळली, आणि साहेबांनी काउंटरवर लॅपटॉप मांडून सगळ्या शाखेला बोलावलं. मॅनेजर आले, पासबुक छापणारी मुलगी आली, शिपाई आला. साहेबांनी बाह्या सरसावल्या.

"बघा आता! फी नाही, दलाल नाही, काही नाही!" आणि त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर उमटलं, 'तुमच्या नोंदवलेल्या नंबरवर कोड पाठवला आहे.'

सगळे साहेबांच्या फोनकडे बघू लागले. फोन ढिम्म! साहेबांनी तो हलवला, पुसला, खिडकीपाशी नेऊन उंच धरला.

पासबुकवाली पडद्यावर वाकली. "साहेब, इथे नंबरचे शेवटचे आकडे दिलेत. हा तुमचा नंबर नाही."

साहेबांनी वाचलं. तो त्यांचा जुना, बंद केलेला नंबर होता. दूधवाला, गॅसवाला, कॉलेज, सासुरवाडी. सगळीकडे नंबर बदलला होता. एक टॅक्स खातंच तेवढं राहिलं होतं!

"नंबर बदला की मग," मॅनेजर म्हणाले.

साहेबांनी तेही करून पाहिलं. नंबर बदलण्यासाठी साइटने आधी एक कोड मागितला. तो अर्थातच जुन्या नंबरवर पाठवला होता.

"बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकते," मॅनेजर म्हणाले. "लावून बघा. माणूस भला असेल तर सांगेल कोड."

साहेबांनी स्वतःचाच जुना नंबर लावला. पलीकडे घंटी वाजली!

"हॅलो, कोण?" एका बाईंचा खणखणीत आवाज आला. मागे गाडी कुंथत होती.

"नमस्कार! तुमच्या फोनवर आत्ता एक कोड आलाय का हो? सहा आकडी?"

"आलाय. दोन आलेत."

"दुसरा जरा सांगता का मला?"

पलीकडून एकदम, "क्लच! अहो क्लच दाबा, क्लच! ... हं, बोला. कोड कशाला हवाय तुम्हाला?"

"तो माझा आहे!"

"माझ्या फोनवर तुमचा कोड?"

"हा नंबर आधी माझा होता हो!"

"असं का? मग माझं घरही आधी तुमचंच असेल!" आणि फोन बंद झाला.

साहेबांनी परत लावला. घाईघाईत, बाईंना बोलू न देता, त्यांनी एका श्वासात सांगून टाकलं, "बाई, तुमचा गैरसमज होतोय, मी बँकेतून बोलतोय!"

अख्ख्या शाखेने कपाळाला हात लावला.

त्याचं कारण असं, की फसवणुकीपासून सावध राहा, हे लोकांना सांगायला बँक साहेबांनाच पाठवत असे. सोसायट्या, मंडळं, वाचनालयं, सगळीकडे साहेब जाऊन आले होते. आणि त्यांच्या भाषणाचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं, 'जो फोनवर म्हणेल मी बँकेतून बोलतोय, तो चोर!'

"बँकेतून!" बाईंना तर आनंदच झाला. "अगदी हेच! आमच्या मंडळात एक बँकवाले साहेब आले होते, त्यांनी हेच सांगितलं होतं. असा फोन आला की वाद घालायचा नाही, ब्लॉक करायचा!"

"अहो, ते साहेब मीच!"

"'तो मीच' असंही म्हणतात, हेही सांगितलं होतं त्यांनी!"

आणि बाईंनी साहेबांना ब्लॉक केलं. मग पासबुकवालीने आपल्या फोनवरून लावला, तीही ब्लॉक. शिपायाने लावला, 'ताई' म्हणून गोड सुरुवात केली, तोही ब्लॉक. शेवटी मॅनेजरांनी घसा साफ केला, टाय सरळ केला (फोनवर टाय दिसत नाही, पण केला) आणि बँकेच्या फोनवरून भारदस्त आवाजात म्हणाले, "मी शाखेचा मॅनेजर बोलतोय."

"हां! आता टोळीचा म्होरक्या आला! पोलिसांतच जाते मी!"

बँकेचा फोनही गेला. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला आले होते. साहेबांच्या डोळ्यांसमोर ते जुनं मशीन उभं राहिलं, आणि हाताने चाक फिरवणाऱ्या वहिनी. 'या पैशांवर नको' असं त्या म्हणाल्या होत्या.

"क्लच म्हणाल्या ना त्या?" पासबुकवाली विचार करत म्हणाली. "बाजारामागच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई असतील. गाडीचं कर्ज आपल्याकडचंच, पासबुक छापायला माझ्याकडे येतात. आवाज तोच! या वेळी त्या गोदामामागच्या मैदानात शिकवतात."

वाक्य पुरं व्हायच्या आत साहेब दाराबाहेर होते.

लॅपटॉप मिटता येत नव्हता. म्हणून वेटर ताट आणतो तसा तो उघडाच दोन्ही हातांवर धरून साहेब भर बाजारातून धावत सुटले. लोक बाजूला होत होते. भाजीवाली ओरडली, "अहो, टीव्ही घेऊन कुठे पळताय?" साहेब थांबले नाहीत.

नेमका वाटेत मशीनवाला दुकानदार पायरीवर उभा. "साहेब! अहो साहेब! वहिनी काल येऊन..."

"नंतर! नंतर!" साहेब ओरडले आणि मान खाली घालून पुढे पळाले. वहिनी काल येऊन आणखी थोडी मुदत मागून गेल्या असणार, दुसरं काय? बिचारी! साहेबांना भडभडून आलं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

मैदानात एक छोटी गाडी आचके देत चालली होती. साहेब सरळ तिच्या वाटेत जाऊन उभे राहिले आणि लॅपटॉप डोक्यावर धरून ओरडले, "थांबा!"

गाडी थांबेना! चालवणारे गृहस्थ डोळे मिटून बसले होते. साहेबांना पळावंसं वाटत होतं, पण पाय जागचे हलेनात. तेवढ्यात शेजारी बसलेल्या बाईंनी आपल्या पायाखालचा ब्रेक करकचून दाबला आणि गाडी साहेबांच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर थांबली.

बाई खाली उतरल्या. "मरायचंय का? ... अय्या! तुम्ही ते बँकवाले साहेब ना? आमच्या मंडळात आला होतात!"

साहेबांना रडूच कोसळायचं बाकी होतं. "हो! हो! तोच मी! मघाशी फोन केला तो मीच! तो कोड..."

बाईंचा चेहरा बदलला. त्या एक पाऊल मागे सरकल्या. "म्हणजे भाषण देणारेच चोर?"

"अहो, चोर कसला! हे बघा ओळखपत्र!"

"ओळखपत्र कोणत्याही दुकानात छापून मिळतं. तुम्हीच सांगितलं होतंत."

"बाई, माझा चेहरा तर ओळखलात ना?"

"'ओळखीच्या चेहऱ्यालाही कोड सांगू नका.' हेही तुमचंच. मी तर वहीत लिहून घेतलंय."

आजवर साहेबांच्या भाषणाला इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं. एरवी त्यांना केवढा अभिमान वाटला असता! आत्ता मात्र त्यांना ते भाषण घरी नेऊन जाळावंसं वाटलं.

"मग मी करू तरी काय?" ते कळवळून म्हणाले. "सहाला सगळं बंद होतं. बायकोचं मशीन जाईल हो! तिचं पहिलं मोठं काम आहे. ती चाक हाताने फिरवत बसलीय तिकडे!"

बाई जरा विरघळल्या. "शंका आली तर शाखेत जाऊन खातरजमा करा, असं म्हणाला होतात. चला शाखेत. मॅनेजर मला ओळखतात."

"चला! द्या, मी चालवतो!"

"छे! या डॉक्टरांचा तास चालू आहे. पैसे भरलेत त्यांनी. गाडी तेच चालवणार."

चालवणारे गृहस्थ दातांचे डॉक्टर होते. लोकांच्या तोंडात यंत्र घालताना त्यांचा हात कधी हलत नसे, असं म्हणतात. स्टिअरिंगवर मात्र दोन्ही हात पानासारखे थरथरत होते. साहेब मागे बसले, लॅपटॉप मांडीवर, डोळे त्याच्यातल्या घड्याळावर. बॅटरीची खूण लाल झाली होती.

"घाबरू नका," डॉक्टर मागे वळून म्हणाले.

"पुढे बघा!" बाई आणि साहेब एकदम ओरडले.

गाडी निघाली, बंद पडली, निघाली. बाजारात शिरली. रस्ता ओलांडणारं एक कुत्रं बघून डॉक्टरांनी गाडी थांबवली. कुत्रं रस्त्यातच बसलं. डॉक्टर वाट बघू लागले.

"हॉर्न द्या ना!" साहेब किंचाळले.

"दचकेल ते," डॉक्टर म्हणाले. ते हळव्या मनाचे होते.

मागे गाड्यांची रांग लागली, सगळे हॉर्न वाजवू लागले, आणि अखेर त्या आवाजाला कंटाळून कुत्रं आपण होऊन उठून गेलं. पुढच्या चौकात डॉक्टरांना उजवीकडे वळायचं होतं, पण उजवीकडे वळणं अजून शिकवलेलं नव्हतं. मग तीनदा डावीकडे वळून ते बँकेसमोर आले. घड्याळात पावणेसहा होऊन गेले होते. साहेबांनी तोपर्यंत पुढच्या सीटचं कव्हर मुठीत धरून धरून उसवून टाकलं होतं.

शाखा दारातच उभी होती. साहेब लॅपटॉपसकट आत धावले, शिपायाने चार्जर खुपसला, पडदा मिणमिणत का होईना शाबूत राहिला.

"हे आमचेच कॅशियर आहेत," मॅनेजर बाईंना म्हणाले. "मी हमी देतो."

बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मघाशी फोनवर म्होरक्या तुम्हीच होतात ना?"

"म्होरक्या नाही हो, मॅनेजर! तुमच्या गाडीचं कर्ज मीच दिलं!"

"ते खरं," बाई म्हणाल्या. "आणि व्याज बघता म्होरक्याही चालला असता. बरं, पाठवा कोड."

साहेबांनी बटण दाबलं. बाईंच्या पर्समध्ये टिंग वाजलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, लावला, आणि संदेश पहिल्यापासून मोठ्याने वाचायला घेतला. कोडापाशी त्या अडखळल्या.

"आता काय झालं?" साहेबांचा आवाज फुटला.

"इथे लिहिलंय, हा कोड कोणालाही सांगू नका."

"बाई!!"

"माझा इलाज नाही. तुमच्या भाषणातही होतं आणि आता तर सरकारही तेच म्हणतंय."

सहाला चारच मिनिटं उरली होती. साहेब खुर्चीत कोसळले. त्यांच्या डोळ्यांतून खरोखर पाणी आलं, आणि ते लपवायची ताकदही उरली नव्हती. "नका सांगू," ते म्हणाले. "बरोबर आहे तुमचं. चूक माझीच. नंबर मी बंद केला, शेवटच्या दिवसापर्यंत मीच थांबलो. तिला काय तोंड दाखवू, तेवढं सांगा फक्त."

बाईंनी पर्स खाली ठेवली. "सांगू नका म्हटलंय," त्या सावकाश म्हणाल्या. "टाइप करू नका असं कुठे म्हटलंय? सरका! आणि सगळ्यांनी तोंडं भिंतीकडे फिरवा."

अख्खी शाखा, मॅनेजरांसकट, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दारातून आत आलेले डॉक्टरही वळले. मागे एकेक कळ वाजत होती. टक. बराच वेळ शांतता. टक. पुन्हा शांतता. बाई दोन्ही आरसे बघून मगच पुढची कळ दाबत असाव्यात. साहेबांच्या नाकासमोर भिंतीवर त्यांनीच लावलेली सूचना होती, 'घाई करू नका.'

"झालं!" बाई म्हणाल्या. "हिरवं काहीतरी आलंय."

साहेब गर्रकन वळले. 'तुमचं रिटर्न स्वीकारलं आहे!' शाखेत एकच जल्लोष झाला. शिपायाने पासबुकवालीला टाळी दिली, डॉक्टरांनी मॅनेजरांना मिठी मारली. साहेबांनी बाईंचे आभार मानले, अगदी वाकून मानले. सहा वाजले आणि साइट बंद झाली.

"खाली बारीक अक्षरांत काय आहे?" पासबुकवाली पडद्यापाशी वाकून म्हणाली. "'रिफंड पुढील खात्यात जमा होईल.' साहेब, हा खाते नंबर..."

तिला पुढे बोलायची गरज नव्हती. कॅशियर माणूस खाते नंबर तोंडाने विसरला तरी हाताने विसरत नाही. ज्या अर्जावर त्यांनी दोनदा शिक्का मारला होता, तो त्याच खात्याचा होता.

"दुरुस्ती करता येईल ना?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

पासबुकवालीने वाचलं. "येईल. पण यापुढे फक्त अधिकृत सल्लागारामार्फत."

म्हणजे टॅक्सवाले काका!

साहेब घरी निघाले. लॅपटॉप आता मिटून काखेत होता. जिन्यात त्यांनी कान टवकारले. जुन्या मशीनची खडखड ऐकू येत नव्हती. साहेबांना वाटलं, दमून बसली असेल. दारातच त्यांनी सगळं सांगायला सुरुवात केली. नंबर, बाई, मैदान, कुत्रं, खातं, काही म्हणजे काही लपवलं नाही. "मशीन गेलं गं तुझं," ते शेवटी म्हणाले. "रिफंड आला तरी आता कधी येईल कुणास ठाऊक. मी तुझं काम घालवलं."

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या, स्टुलावर चढल्या, आणि ओळीच्या मागचा तो डबा काढून साहेबांच्या पुढ्यात ठेवला. या वेळी त्याची पट्टी साहेबांकडे होती. वहिनींच्या सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'ह्यांची हुशारी'.

"हे काय?"

"लग्नाच्या वर्षी तुम्ही स्वतः नळ दुरुस्त केला होतात, आठवतं? खालच्यांचं छत गेलं होतं. तेव्हापासून दर महिन्याला थोडे थोडे टाकते यात. मोहीम सुरू झाल्यावर जरा जास्त. यातूनच काल मशीनचे पैसे भरले. दुपारीच आलं ते."

आतल्या खोलीतून चिमणी ओरडली, "बाबा, आवाजच येत नाही याचा! या बघायला!"

खोलीत खिडकीपाशी नवंकोरं मशीन उभं होतं आणि त्यावर रुग्णालयाचा पहिला पडदा चढलेला होता. साहेबांनी त्याला हात लावला, मग ते वहिनींकडे वळले. "म्हणजे, तुला माझी खात्रीच नव्हती."

"उलट," वहिनी म्हणाल्या. "तुमची मला पूर्ण खात्री होती. काकांची फी आहे अजून डब्यात. उद्या जाऊन या."

साहेबांनी मान डोलवली. ते शहाणे झाले होते. नम्र झाले होते. डबा जवळ ओढून, सवयीने बोट ओलं करून त्यांनी आतल्या नोटा मोजल्या. मशीनचे पैसे जाऊनही घरातल्या बाकी डब्यांपेक्षा त्यात जास्त शिल्लक होती! त्यांचे डोळे हळूहळू चमकू लागले.

"अगं," ते म्हणाले, "इतकी वर्षं हे पैसे नुसते पडून? केवढं व्याज बुडालं! दे माझ्याकडे, मी याचं असं काही नियोजन करतो की..."

वहिनींनी कमरेची लहान पर्स उघडली, त्यातून आणखी एक नोट काढून डब्यात टाकली आणि झाकण घट्ट लावलं.